सिंहासनावरची करंगळी

नव्या राजाला कोणी हात लावलेला खपत नसे. शिंप्याने माप घ्यायचं ते पाच हात लांब उभं राहून, नुसत्या नजरेने. न्हाव्याचं कसं भागत होतं ते तोच जाणे. जुना राजा जाऊन वर्ष उलटलं नव्हतं, तेवढ्यात पोराने सल्लागारांचं मंडळ मोडीत काढलं, राजाने प्रजेसमोर घ्यायची शपथ रद्द केली, आणि दवंडी पिटवली की मुकुट आपण दुसऱ्या कुणाच्या हातून घेणार नाही, स्वतःच उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवणार. आपला हात जगन्नाथ म्हणतात, तो असा.

पण राजा असो नाहीतर भिकारी, बसायला गादी लागतेच. सिंहासन सोन्याचं असलं तरी त्याची बैठक जुनी झाली होती. आतल्या स्प्रिंगा मेल्या होत्या, काथ्याचा भुगा झाला होता. म्हणून महालाच्या कारभाऱ्याने माणूस पाठवून गादीवालीला बोलावून घेतलं.

गादीवाली म्हणजे खुर्च्या-कोच मढवणारी, पन्नाशीची, अंगाने ठेंगणी, आवाजाने मात्र मोठी. दुकान बापाचं. बाप गेल्यावर भावाने टपाल कचेरीत नोकरी धरली आणि दाभण हिच्या हातात आलं. तेव्हापासून गावातल्या निम्म्या बुडांची काळजी आपल्यावर आहे, असं ती स्वतःच सांगायची. भाऊ आणि वहिनी दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहत, ती मागच्या खोलीत. जेवण तिघांचं एकत्र.

दरबाराच्या दालनात तिने बैठक उघडली, नव्या स्प्रिंगा बांधल्या, घोड्याचे केस भरले, वरून गर्द लाल मखमल ताणून खिळे मारले. काम झालं. आता उरलं एकच. बापाने घालून दिलेला नियम होता, की ज्या गादीवर आपण बसलो नाही ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही. एखादा खिळा वर आला असेल, कुठे भरण कमी पडलं असेल, ते डोळ्यांना कळत नाही, बसल्यावरच कळतं. डॉक्टरच्या खुर्चीवर ती बसली होती, नगरशेठच्या कोचावर बसली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. पहारेकरी दारात पाठ करून उभा होता. सुतार वर छताशी लटकून हातोडे आपटत होते. ती गेली आणि सिंहासनावर बसली.

बरी झाली होती गादी. ती जरा मागे रेलली. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"हलू नका."

तिचा जीवच गेला. पाहते तर पडद्याआडून राजचित्रकार डोकावत होता. हडकुळा, दाढी वाढलेला, बाह्यांना रंग फासलेला. त्याच्यासमोर माणसाच्या दुप्पट उंचीचा कॅनव्हास होता. त्यावर मुकुट झाला होता, चेहरा झाला होता, गळ्याखाली सगळं कोरं.

"मी गादी तपासत होते," ती म्हणाली.

"तपासा हो, खुशाल तपासा. फक्त हलू नका." चित्रकार रडकुंडीला आला होता. "राज्याभिषेकाचं चित्र आठ दिवसांत द्यायचंय. त्याच्या प्रती राज्यभर लागणार. आणि महाराज काही समोर बसत नाहीत. म्हणतात, राजा कुणासाठी बसून राहत नसतो. चेहरा मी टपालाच्या तिकिटावरून काढला. पण बाई, तिकिटावरच्या राजाला हात नसतात!"

"मग पहारेकऱ्याला बसवा की."

"विचारलं. तो म्हणाला, सिंहासनावर बसलो तर मुंडकं जाईल."

"आणि माझं?"

"तुम्ही तर बसलाच आहात," चित्रकार म्हणाला.

त्याची तिला दया आली. दिलेल्या वेळेत काम उरकायचं आणि गिऱ्हाईक माप द्यायला तयार नाही, हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. चित्रकाराने पडद्याचा दांडा काढून राजदंड म्हणून तिच्या उजव्या हातात दिला. सुतार जेवायला उतरले, ते परत येईपर्यंत ती बसली.

त्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. मधल्या पेरापासून बाहेर वळलेली, काही धरलं की ती एकटीच बाजूला उभी राहायची. लहानपणी थोरल्या भावाने दार आपटलं, त्यात ती सापडली आणि तशीच जुळली. घरात हा जुना थट्टेचा विषय होता. भाऊ तिला चिमी म्हणायचा, आणि चिडवायचं असलं की वाकडी. ती उलट म्हणायची, सरळ बोटाने तूप निघत नाही, दादा, तू मला सोयच करून दिलीस. चित्रकाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. चेहऱ्यात त्याने लागेल तेवढं खोटं भरलं होतं. हनुवटी रुंद केली होती, नजरेत वाघ बसवला होता. हात मात्र समोर होते, आणि समोर दिसणारी वस्तू जशी आहे तशी काढायची त्याला खोड होती.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. भावालाही नाही. सिंहासनावर बसल्याची गोष्ट जेवताना सांगायची नसते.

चित्र लागलं त्या सकाळी ती दुकानात एका आरामखुर्चीचं पोट फाडून बसली होती. वहिनी धापा टाकत आत आली. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

"ह्यांना धरून नेलं!"

"दादाला? कशासाठी?"

"हसले म्हणून!"

टपाल कचेरीच्या मोठ्या दालनात चित्राचं उद्घाटन होतं. सगळ्या कर्मचाऱ्यांनी रांगेत उभं राहायचं, पडदा सरला की हात पाठीमागे बांधायचे आणि कमरेत वाकायचं. नवं फर्मानच तसं होतं, हात पाठीमागे, म्हणजे कुणाचा हात चुकूनसुद्धा राजाच्या चित्राला लागू नये. पडदा सरला. सगळे वाकले. दादा वाकायच्या बेतात होता, त्याने वर पाहिलं आणि तो हसला. साधं नव्हे, मोठ्याने, पोट धरून. भिंती दणाणल्या म्हणे. शिपायांनी खांद्याला धरलं तरी थांबेना.

"डोकं फिरलं का हो त्यांचं?" वहिनी रडत होती. "जन्मभर त्या तिकिटांवर शिक्के मारतायत, राजाच्या तोंडावर दणादणा, कधी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आणि आज हे काय? विचारलं तर बोलत नाहीत. का हसलात, का हसलात, सगळे विचारून दमले. तोंडाला कुलूप."

खरंच आहे. दिवसभर राजाच्या तोंडाला काळं फासायचा त्याला पगार मिळत होता. त्याच तोंडाकडे पाहून एकदा हसला तर तुरुंग. राज्य असं चाललं होतं.

गादीवालीने दाभण खाली ठेवलं, वहिनीला पाणी दिलं आणि समोरच्या पावाच्या दुकानात गेली. तिथेही चित्र लागलं होतं. गिऱ्हाइकं टोप्या काढून, हात पाठीशी बांधून, वाकून मगच पाव मागत होती. तिने मान वर केली.

मुकुट, हिरे, झगा, नजरेत वाघ. आणि खाली राजदंड धरलेला तिचा हात. दाभणाने घट्टे पडलेला अंगठा. आणि बाजूला उभी राहिलेली ती करंगळी. शाळेत पोरं करंगळी दाखवून बाहेर जायची परवानगी मागतात ना, तसा हा सर्वसत्ताधीश राजा साऱ्या प्रजेकडे परवानगी मागत होता. तिच्याही पोटात हसू उसळलं. आणि त्याच क्षणी दादा का बोलत नाही हे तिला कळलं. तो का हसला हे सांगायचं, तर ती कुठे बसली होती हेही सांगावं लागलं असतं.

दुपारी मागच्या दाराने चित्रकार आला. चेहरा पांढराफटक.

"मला बोलावलं होतं चौकशीला. चित्रात हसण्यासारखं काय आहे, विचारत होते. मी म्हटलं, काही नाही. बाई, तुमचा भाऊ गप्प आहे. तुम्हीही गप्प राहा. हसण्याला खाणीत पाठवतात, चार-दोन वर्षांत माणूस परत येतो. सिंहासनावर बसण्याला काय शिक्षा आहे कुणालाच माहीत नाही, कारण आजवर कुणी बसलंच नाही."

"खाणीत? त्याला जिना चढताना धाप लागते."

"पण तुम्ही वाचाल."

"तो गप्प आहे माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी कुणासाठी गप्प राहू? तुमच्यासाठी?"

चित्रकाराने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "करंगळी मी सरळ काढू शकलो असतो. हातच वळला नाही." आणि आल्या दाराने गेला. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसांवरच तर ते सगळं राज्य उभं होतं.

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. गादीवालीला वाटलं, आता ही बोल लावणार. आपल्या एका बसण्यापायी तिचा नवरा गेला की! वहिनी पायरीवरून उठली.

"उद्या न्यायालयात जाणार ना तुम्ही?"

"जाणार."

"मग जेवून जा," वहिनी म्हणाली. "तिथे किती वेळ लागतो कुणास ठाऊक." आणि डोळे पुसून वर गेली.

न्यायालयात बसायला जागा नव्हती. हसण्याचा खटला म्हणून अर्धा गाव आला होता. न्यायाधीशाच्या डोक्यामागे भिंतभर तेच चित्र. दादा कठड्यात उभा, एका रात्रीत म्हातारा झाल्यासारखा. न्यायाधीश विचारत होता, का हसलास? दादा जमिनीकडे पाहत होता.

"मी सांगते," गादीवाली उठून म्हणाली.

दादाने झटक्यात मान वर केली. "चिमे, घरी जा."

"तू गप्प बस. कालपासून बसलास ना, आणखी थोडा वेळ बस." ती पुढे आली. "साहेब, हा राजाला हसला नाही. सख्ख्या बहिणीला हसला. चित्रातला हात माझा आहे."

शिपाई पुढे सरसावला, न्यायाधीशाने त्याला थांबवलं, कदाचित आपण बरोबर ऐकलं नाही असं वाटून.

"तो हात महाराजांचा आहे, बाई."

"मग महाराजांना विचारा, करंगळी कुठल्या दारात सापडली."

मागे कोणीतरी फुसकन हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. गादीवाली थांबली नाही. साक्षीदारासाठी ठेवलेलं स्टूल तिने ओढलं, थेट चित्राखाली नेलं आणि त्यावर बसली. शिपायाच्या हातातली काठी "जरा द्या हो" म्हणून घेतली. तोही बावळट, देऊन बसला. तिने काठी उजव्या हातात उभी धरली, पाठ ताठ केली, जरा मागे रेलली.

वर राजा, खाली गादीवाली. तेच रेलणं, तोच अंगठा, तीच एकटी उभी करंगळी. एकदा पाहिल्यावर ते कुणाला न पाहिल्यासारखं करता येईना. न्यायाधीशानेही वळून पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं, परत वर पाहिलं. मग त्याने रुमालाने कपाळ टिपलं.

न्यायाधीश जुना, मुरलेला माणूस होता. त्याने आवाज खाली आणला, अगदी घरच्यासारखा. "हे बघा बाई, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता? एवढंच म्हणा की हा हात माझा नाही, मला भास झाला. मीही म्हणतो, तुमचा भाऊ हसला नाही, त्याला खोकल्याची उबळ आली. दोघं घरी जा. प्रश्न मिटला."

वहिनी गर्दीत उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं. एक वाक्य होतं, अख्ख्या घराला सोडवणारं, आणि ते खोटं बोलायला पैसाही पडत नव्हता. गादीवालीने तोंड उघडलंही. पण तिला आपल्या हाताकडे पाहून संताप आला, असा की कानशिलं तापली. राज्य त्याचं, तिजोरी त्याची, कायदा त्याचा, शपथ त्याने गिळली, मुकुट स्वतःच घालून घेणार. आणि हा एक हात, बापाने दाभण धरायला शिकवलेला, दादाने मोडलेला, जन्मभर पोट भरलेला, तोही त्याचाच म्हणून हिनेच सांगायचं?

"हात माझा आहे," ती म्हणाली.

"मला उबळ आली नव्हती," दादा कठड्यातून म्हणाला. न्यायाधीशाशी तो पहिल्यांदाच बोलत होता, आवाज चिरका लागला होता. "हसलोच मी. ते बोट मी अंधारातसुद्धा ओळखीन. दार मीच आपटलं होतं."

"म्हणजे तुम्ही सिंहासनावर बसला होतात?" न्यायाधीश गरजला. घरच्यासारखा आवाज संपला होता. "ह्याची शिक्षा ठाऊक आहे?"

"बसले होते. बसल्याशिवाय गादी देत नाही आम्ही. आता तुम्ही ठरवा, साहेब. मी बसले हा गुन्हा असेल, तर हात माझा, आणि मग दादा राजाला हसलेला नाही, त्याला सोडा. दादा राजाला हसला असेल, तर हात राजाचा, आणि मग मी बसलेच नाही, मला सोडा. दोघांना एकदम धरता यायचं नाही. हवं तर दोघांना सोडा, आमची काही हरकत नाही."

आता मात्र खोकल्याची साथच आली. पुढच्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत लोक खोकत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. न्यायाधीश हातोडा आपटून दमला. शेवटी त्याने जे करायचं तेच केलं. राजाच्या सिंहासनावर बसणं मोठं की राजाला हसणं मोठं, याचा हिशेब त्याला कळत होता. दादा सुटला. गादीवालीला राज्याभिषेकाचं वर्ष संपेपर्यंत कैद झाली. दादा कठड्यातून बाहेर यायला तयार नव्हता; त्याला दोघांनी उचलून बाहेर ठेवावं लागलं.

"वाकडे!" तो ओरडत होता. "कशाला आलीस! वाकडे!" आणि रडत होता.

"वहिनी, त्याला घरी न्या," ती म्हणाली. तिला बेड्या घालताना शिपायाने त्या करंगळीला धक्का लागू दिला नाही.

बायकांच्या तुरुंगात तिला गाद्या शिवायला बसवलं. तिथल्या गाद्या म्हणजे गवताची पोती. तिने पहिल्याच आठवड्यात जेलरबाईशी भांडून काथ्या मागवून घेतला. प्रत्येक गादीवर आधी स्वतः बसली.

भेटीच्या दिवशी दादा आला. जाळीपलीकडे टोपी हातात चुरगाळत बसला.

"चित्रं काढून नेली," तो म्हणाला. "सगळ्या गावातली. रंगवून परत लावली. राजाला आता हातमोजे घातलेत, पांढरे. करंगळी एकदम सरळ."

"मग?"

"मग काय! ज्यांना ठाऊक नव्हतं तेही विचारायला लागले, हातमोजे कशाला? आणि कुणीतरी सांगतंच." तो पुढे झुकला. "कचेरीत सकाळी वाकतो ना आम्ही, हात पाठीमागे बांधून. एक दिवस पाहिलं तर माझ्या पुढच्याची करंगळी बाहेर. वाकडी, मुद्दाम काढलेली. मग त्याच्या शेजारच्याची. आता सगळी रांग. साहेबांनी फर्मान शोधून वाचलं. मान कशी हवी ते आहे, पाय कसे हवेत ते आहे. करंगळीबद्दल काही नाही."

"मग करंगळीवरही फर्मान निघेल."

"निघू दे की. मग ज्या कोपऱ्यात बातमी पोचली नाही, तिथेही राजाच पोचवेल." दादा हसला. अगदी त्या दिवशी हसला असेल तसा, पोटातून. पहारेकरीण दाराशी उभी होती. तिने काहीच ऐकलं नाही असं दाखवलं.

राज्याभिषेकाच्या दिवशी सकाळपासून तोफा वाजत होत्या. कैद्यांना कामावरून उठवून अंगणात आणलं. समोरच्या भिंतीवर नवं चित्र, हातमोजेवालं. जेलरबाई सगळ्यांच्या पुढे, मग पहारेकरणींची ओळ, मग कैदी. गादीवाली ठेंगणी असूनही तिला शेवटच्या रांगेत ढकललं होतं, चित्रापासून जितकी लांब तितकी बरी म्हणून. शेवटची तोफ झाली. म्हणजे तिकडे त्याने मुकुट उचलून आपल्या डोक्यावर ठेवला असणार. तिला वाटलं, इतकं करून तो एकटाच पडला बिचारा. मग वाटलं, बिचारा कसला!

"हात मागे!" जेलरबाई चित्राकडे तोंड करून ओरडली. "वाका!"

सगळ्या वाकल्या. फर्मानात जशी लिहिली होती तशीच प्रत्येकीची मान खाली गेली. गादीवाली वाकली नाही. शेवटच्या रांगेत तिच्याकडे बघायला मागे कोणी नव्हतं. तिने समोर पाहिलं. पाठीमागे बांधलेल्या हातांच्या रांगाच रांगा होत्या. धुणीवालीचे फुगलेले हात, चोरटीचे चपळ हात, पहारेकरणींचे किल्ल्या धरलेले हात. प्रत्येकीच्या उजव्या हाताची करंगळी बाहेर होती. सगळ्यात पुढे, चित्राच्या अगदी पायाशी वाकलेल्या जेलरबाईचीही. तिला सवय नव्हती, बोट पुन्हापुन्हा सरळ होत होतं.

गादीवालीनेही हात पाठीशी बांधले, ताठ उभं राहून. त्या अख्ख्या अंगणात तिला एकटीलाच बोट मुद्दाम वाकडं करावं लागलं नाही.